पेटी, चिपळ्या आणि नगरची पोरं

तरुण संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं की विषय विचारायची गरज नसते. 'विश्वास आणि रोजचं जीवन'. दर वर्षी हाच विषय, फक्त फ्लेक्सचा रंग बदलतो. पाळकसाहेब सुरुवातीची प्रार्थना करतात, पोरंपोरी मोबाइल खिशात सारतात आणि निवृत्त मास्तरांनी आता दोन शब्द उपदेशाचे सांगावेत अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि रविवारी संडे स्कूल घेतलं. उपदेशाने पोरं वळणावर येतात असं काही माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी त्यांना इतिहास सांगतो. मराठी ख्रिस्ती मंडळीने आपल्या तरुण पोरांना जगायला कसं शिकवलं, त्याचा इतिहास. तो लिहून काढा असा आग्रह झाला, म्हणून हा लेख.

आधी माझं मत सांगून टाकतो. आपल्याकडे तरुणांपर्यंत विश्वास पोचला तो कानातून आणि हातातून. म्हणजे गाण्यातून आणि कामातून. व्यासपीठावरून जो पोचला तो फार थोडा, आणि तोही बाहेर चहा येईपर्यंत टिकणारा.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याचा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढचं आयुष्य त्याने बहुतेक सासष्टीत काढलं. तो येण्याआधी बारा वर्षं, १५६७ मध्ये, त्याच सासष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगू नये असं मी मानतो. देवळं गेली, पुराणं गेली आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या पोरांना प्रश्नोत्तरांची 'दोतोर्न' पाठ करायला लावली जाऊ लागली. स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, दोतोर्न शिकवता ते ठीक आहे, पण आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही मन रमवायला वाचायचं काय? प्रश्न चोख आहे. शिबिरातली पोरं आजही वेगळ्या शब्दांत तेच विचारतात.

स्टीफन्सने उत्तर दिलं ते ओवीत. दहा हजारांहून अधिक ओव्या, आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या मराठीत. १६१६ साली राशोलला पुस्तक छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. फर्मानाचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. पुराण मात्र जिवंत राहिलं, कारण ते लोकांच्या तोंडी होतं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेलं आणि १९०७ साली मंगळूरलाच त्याची नवी आवृत्ती निघाली. सरकारी हुकमापेक्षा ओवीचं आयुष्य मोठं निघालं.

आता आमचं नगर. कागदोपत्री अहिल्यानगर झालं, बोलताना नगरच. अमेरिकन मिशनचे लोक इथे १८३१ च्या डिसेंबरात आले. शाळा काढल्या. सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची उमेद आली. जून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' इथेच सुरू झाला. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. नसतं ते असं, की त्या काळच्या उपासनेत पोरं काय गात होती.

गात होती इंग्रजी चालींवर बसवलेलं मराठी. मात्रा इंग्रजी, शब्द आपले. ऱ्हस्वावर सूर लांबवायचा आणि दीर्घ गिळायचा, अशी कसरत. नेवासे, राहुरी, वडाळ्याकडच्या गावांतून जी माणसं मंडळीत आली ती बहुतेक महार आणि मांग समाजाची. त्यांच्या घरात हलगी होती, सनई होती, एकतारी होती. कीर्तन त्यांनी ऐकलं होतं, पण देवळाबाहेर उभं राहून. भजनाची ओढ रक्तात आणि देवळाचं दार बंद. अशा घरातल्या पोराला परक्या चालीत गायला लावलं तर ते ओठ हलवतं आणि कधी एकदा संपतंय याची वाट पाहतं.

ही कोंडी नगरलाच फुटली. १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले. पूर्वरंग-उत्तररंगाचा तोच साचा, साकी-दिंडी-आर्या त्याच, टाळ, चिपळ्या आणि मृदंगही तेच. आख्यान फक्त शुभवर्तमानातलं. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. व्याख्यानात ती दहा मिनिटांत संपते आणि तात्पर्याने मरते. कीर्तनात तो पोरगा बापाकडे वाटणी मागतो तेव्हा समोर बसलेले चार बाप हलतात, तो डुकरांच्या कोंड्यावर येतो तेव्हा मृदंग थांबतो, आणि म्हातारा रस्त्यावर धावत निघतो तेव्हा झीलकरी असा काही सूर लावतात की मागच्या बाजूला उभी असलेली पोरं आपसूक पुढे सरकतात. मी हे पाहिलेलं आहे. लहानपणी आमच्या पेठेत पटांगणात कीर्तन व्हायचं, बत्तीच्या उजेडात, आणि ऐकायला मंडळीतल्यांइतकेच बाहेरचे असायचे. मारवाडी दुकानदार, तालमीतले पैलवान, शेजारच्या मोहल्ल्यातली मुसलमान पोरं. कोणी कुणाला 'या' म्हटलेलं नसायचं.

सुरुवातीला काही मिशनऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हिंदू देवळातला प्रकार चर्चमध्ये कसा चालेल, अशी शंका. गंमत अशी की दक्षिणेत हे आधीच झालं होतं. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, मराठी कीर्तन तिथे रुजलेलं होतं, आणि वेदनायगम शास्त्री या तमिळ ख्रिस्ती कवीने त्याच मुलखात ख्रिस्ती आख्यानं रचून गायली. हा शास्त्री आणि तंजावरचे सरफोजी राजे दोघेही श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचे विद्यार्थी. एका गुरूच्या पंक्तीला बसलेल्यांपैकी एकाने ग्रंथालय वाढवलं, दुसऱ्याने मंडळीला गायला शिकवलं. नगरला ती बातमी कितपत पोचली असेल ते असो. हाताशी असलेल्या सुरात देवाचं नाव घ्यावं हे दोन्हीकडे आपापलं सुचणं मला साहजिक वाटतं.

मग आले टिळक. म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. पोरांना मी नेहमी सांगतो की या माणसाचा बाप्तिस्मा नंतर पाहू, आधी त्याचा रेल्वेप्रवास पाहा. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते वेडगळ वाटलं. पण पुस्तक वाचायला घेतलं, हातात पेन्सिल घेऊन खुणा करत, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरदार तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला, स्वतःच्या विचाराने. जातीच्या विटाळाचा प्रश्न बाईंनी कसा स्वतःशी सोडवला ते 'स्मृतिचित्रे'त आहे. धर्मावरची दहा पुस्तकं बाजूला ठेवून तरुण पोरीने ते एक वाचावं.

टिळक नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत. पण त्यांची खरी शाळा म्हणजे त्यांचं घर. रस्त्यात भेटलेलं अनाथ पोर ते घरी घेऊन यायचे, खिशातले पैसे भेटेल त्याला देऊन टाकायचे, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरात. त्या चिडायच्या, बोलायच्या आणि त्या पोराला जेवायलाही घालायच्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ याच घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याबद्दल पोटच्या पोरासारखं लिहिलंय. बालकवी हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. या घरात कुणाला जेवणाच्या बदल्यात काही कबूल करावं लागत नव्हतं. विश्वास आणि रोजचं जीवन यावर शिबिर घ्यायचं असेल तर या स्वयंपाकघरात घ्यावं, असं मला फार वाटतं.

टिळकांची भजनं आणि अभंग शेकड्यांनी आहेत. 'उपासना संगीत' हे आपल्या मंडळीचं भजनांचं पुस्तक उघडा, पानापानावर तेच. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असं ते उघड सांगत, आणि त्यांच्या अभंगांची ठेवण पाहिली की पुरावा मागायची गरज उरत नाही. त्यांच्या गाण्यांतला ख्रिस्त ओसरीवर येतो, गुरू होतो, आई होतो. पोरांना हा ख्रिस्त कळला. इंग्रजी चालींतला न्यायासनावरचा राजा त्यांना लांबून दिसत होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या सगळ्यांचं एक कुटुंब, अशी कल्पना. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार तिथेच राहिला. त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात देशी आणि इंग्रज तरुण एका पंक्तीला बसून जेवत.  

इतका वेळ कानाचं झालं. आता हाताचं, कारण नुसत्या गाण्याने पोट भरत नाही आणि हे मिशनवाल्यांना दुष्काळाने शिकवलं. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००. आईबाप गेलेली पोरं झुंडीने मिशनच्या दारात आली. त्यांना वचनं पाठ करून घ्यायची आणि अठराव्या वर्षी दार दाखवायचं, असं कसं चालेल? नगरला सर डी. एम. पेटिट या पारशी गिरणीमालकाच्या नावाची औद्योगिक शाळा होती. सुतारकाम, धातुकाम, विणकाम. डी. सी. चर्चिल नावाचा इंजिनिअर मिशनरी इथे आला आणि त्याने हातमाग सुधारला, विणकराला कमी कष्टात जास्त कापड काढता यावं म्हणून. प्रवचनकार म्हणून त्याचं नाव कुणाला आठवत नाही. माग आठवतो.

माझे आजोबा अशाच शाळेत सुतारकाम शिकले. दुकानातल्या फळीवर त्यांनी खडूने एक वचन लिहून ठेवलेलं असायचं, आणि गिऱ्हाइकाला लाकडाची गाठ दिसू नये म्हणून लुकण भरणाऱ्या कारागिराला ते त्या फळीकडे बोट दाखवायचे. बोलायचे नाहीत. माझ्या मते त्यांची अख्खी ईश्वरविद्या त्या बोटात होती.

हाताच्या गोष्टीत सगळ्यात मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, मध्य प्रांतातल्या, गुजरातेतल्या. तिथे शेती होती, विणकाम होतं, घाणा होता आणि छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल त्यांनी स्वतः मराठीत उतरवलं आणि ते छापलं त्या मुलींनी. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत. खिळे जुळवणं म्हणजे काय ते आजच्या पोरांना मी हाताने करून दाखवतो, कारण नगरच्या जुन्या छापखान्यांत मी तासन् तास उभा राहिलोय. समोर लाकडी खाने, शेकड्यांनी. देवनागरीला इंग्रजीइतके कप्पे पुरत नाहीत. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, मात्रा, वेलांट्या, रफार वेगळे. जुळारी डाव्या हातात पट्टी धरतो आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावतो. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, ते उलटंच वाचायची सवय लागते. एक ओळ जमली की मधे शिशाची पातळ पट्टी, मग पुढची ओळ. पान पूर्ण झालं की दोऱ्याने आवळायचं, शाईचा रूळ फिरवून कच्चं मुद्रित काढायचं, चुका चिमट्याने उचकटून दुरुस्त करायच्या. छापून झालं की तेच खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खान्यात. कालपर्यंत ज्या पोरीला कुणी दारात उभं करत नव्हतं, तिने उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचं पुस्तक असं अक्षर अक्षर उचलून लावलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. भाषा साधी ठेवली होती, मुद्दाम. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही कळावी म्हणून.

छपाईचा विषय निघालाच आहे तर जावजी दादाजींचं नाव घ्यायला हवं. निर्णयसागरचे संस्थापक. ते पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले आणि तिथेच धंदा शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे त्यांच्या छापखान्याने संस्कृत ग्रंथ असे देखणे छापले की देशभरच्या पंडितांनी नावाजले. मिशनच्या छापखान्याचं हे सगळ्यात मोठं पुण्य आहे, असं मी म्हटलं की आमच्या मंडळीतले काही वडीलधारे नाराज होतात. होवोत.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सर्वांना ठाऊक आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, तिथून आणि इतर मिशन रुग्णालयांतून नर्सेसच्या पिढ्या निघाल्या. आमच्या घरोघरी एक तरी नर्स किंवा एक तरी शिक्षिका. १९४७ मध्ये भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभं केलं आणि खेड्यातल्या सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना नगरलाच पदवी मिळू लागली. माझी थोरली बहीण नर्स होती. रात्रपाळीला वॉर्डात फिरताना ती टिळकांचं भजन गुणगुणायची. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने तिला विचारलं होतं की पोरी, हा तुकारामाचा कुठला अभंग, मला कसा ठाऊक नाही? तिने काय उत्तर दिलं ते तिलाच आठवत नाही. प्रश्न मात्र ती सगळ्यांना सांगायची.

आणि आता? औद्योगिक शाळांचे दिवस गेले, यंत्रमागापुढे हातमाग हरला, खिळ्यांचे छापखाने भंगारात निघाले. कीर्तन करणारे बोटांवर मोजण्याइतके. रविवारी गिटार, ड्रम आणि पडद्यावर हिंदी-इंग्रजी कोरस. मला त्याचा राग नाही. गिटार हे विदेशी वाद्य म्हणावं तर आमची पेटी तरी कुठे पैठणची? सतरा वर्षांच्या पोराला ज्या सुरात देव जवळचा वाटतो तो त्याचा सूर, हे तर सांगळ्यांनीच शिकवलंय. माझी तक्रार दुसरीच आहे. ही पोरं इंग्रजी चालीवरचं मराठी पुन्हा गायला लागली आहेत, ऱ्हस्व लांबवून आणि दीर्घ गिळून. नगरने जे मोठ्या खटपटीने मागे टाकलं तेच फिरून दारात आलं, आणि कुणाला खटकत नाही.

वडिलांचं 'उपासना संगीत' माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलेला, कडा तेलकट. छापील पानावर गाण्याचे शब्द असतात आणि फार तर वर चालीचा एक त्रोटक उल्लेख. स्वरलिपी नाही. बाकी सगळं वडिलांच्या पेन्सिलीत आहे: कुठे 'काळी चार', कुठे 'दादरा, धीमा', कुठे 'ही चाल राहुरीची, आपली नव्हे', एका भजनापाशी नुसतंच 'आईची'. त्या 'आईच्या' चालीत ते भजन गाऊ शकणारी आमच्या घराण्यात आता एकच आत्या उरली आहे. अशा आत्या, आजी, निवृत्त पाळकबाई, पेटीवाले मामा गावोगाव आहेत. नगर, सातारा, वाई, सोलापूर, जालना, सगळीकडे. एकेका भजनाच्या तीन-तीन चाली त्यांच्या गळ्यात आहेत आणि कागदावर एकही नाही.

तेव्हा शिबिराला येणाऱ्या मुलांनो, माझं मागणं एवढंच. हातातला मोबाइल या कामी लावा. येत्या नाताळाच्या आत आपापल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा, त्यांच्या आवडीची भजनं त्यांच्या चालीत म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा. कुणी म्हटलं, कुठल्या गावची चाल, कुणाकडून शिकले, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. आवाज कापरा आला तरी खोडू नका. पेटीची साथ हवी असेल तर मला कळवा, मी येतो.